दोघांच्या नावावरचा हिशेब

सोलापूरची गड्ड्याची यात्रा हे मुळात एक लग्न आहे. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर यांच्याशी आपला विवाह व्हावा अशी इच्छा एका कुंभारकन्येने धरली, संसारात पडणे ज्यांना शक्य नव्हते त्या योग्याने तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली, आणि त्या विवाहाचे स्मरण म्हणून दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर तलावाकाठच्या सम्मती कट्ट्यापाशी, योगदंडाचे प्रतीक मानलेल्या उंच नंदीध्वजांवर अक्षता पडतात. पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक, निरनिराळ्या समाजांच्या मानाचे सात नंदीध्वज, ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ हा गजर, आणि घरचेच कार्य असल्याप्रमाणे मुठीत अक्षता धरून उभे राहिलेले शहर. माझी आत्या आणि तिचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणत असू, या लग्नाला दर वर्षी जात. आत्या ठेवणीतले इरकल नेसत असे. अक्षता टाकून झाल्यावर दोघेही गर्दीत नजर फिरवून गल्लीतले कोण आले आहे आणि कोण आलेले नाही हे पाहत असत. एखादे घर दिसले नाही, तर दुसऱ्या दिवशी त्या घरी यांची एक फेरी ठरलेली असे.

त्यांचे स्वतःचे लग्न १९५९ सालचे. आत्या गेली तेव्हा त्या लग्नाला ५५ वर्षे झाली होती. मामा तिच्यानंतर चार वर्षांनी गेले. मुरारजी पेठेतील आमच्या गल्लीत आजही त्यांचा विषय निघाला की ‘मामांनी गल्लीसाठी जन्म घालवला’ असे लोक म्हणतात, आणि ते खोटे नाही. परंतु महाविद्यालयात शिकत असताना मी त्या घरात राहिले, नोकरीला लागल्यावरही त्याच गल्लीच्या टोकाला खोली घेऊन राहिले, आणि जे पाहिले त्यावरून मला हे वाक्य अर्धे वाटते. मामांच्या नावावर जमा झालेल्या प्रत्येक कामाची एक बाजू आत्याच्या हातची होती, आणि आत्याने मनात धरलेली पुष्कळशी कामे मामांच्या पायांनी तडीस गेली. ते काम एकाच्या खात्यावर मांडता येत नाही, हे कुठेतरी नीट लिहून ठेवावे म्हणून हा लेख.

मामा गिरणीत होते. सोलापुरातील त्या पिढीच्या माणसाबद्दल एवढे सांगितले की निम्मी ओळख होऊन जात असे. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी निघाली, तिलाच पुढे जुनी गिरणी म्हणू लागले. तिच्या मागोमाग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या आणि शहराचा दिवस भोंग्यावर उगवू-मावळू लागला. साठच्या दशकात जुनी गिरणी बंद पडली, तेव्हा मामा दुसऱ्या एका गिरणीत बदली कामगार होते. बदली कामगाराने रोज पाळीच्या वेळी गिरणीच्या दारात जाऊन उभे राहायचे. त्या दिवशी कोणी कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या साच्यावर, म्हणजे यंत्रावर, काम मिळायचे, नसला तर आल्या पावली घरी परतायचे. घरी विधवा सासू, दोन दीर, एक नणंद, आणि उत्पन्न मात्र दुसऱ्याच्या गैरहजेरीवर अवलंबून, अशा अवस्थेत त्यांच्या संसाराची पहिली सात-आठ वर्षे गेली.

या दोघांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचे बी मला याच काळात दिसते. मामांना काम मिळाले याचा अर्थ कोणीतरी तापाने पडले आहे, कोणाच्या घरी मयत झाले आहे, किंवा कोणाची बायको बाळंतपणात अडली आहे. आत्या तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची, अक्कलकोट तालुक्यातील आमच्या गावी चौथीपर्यंत शिकलेली. पण ही गोष्ट तिच्या मनाला लागली. ज्याच्या आजारपणावर आज आपली चूल पेटली त्याची विचारपूस केल्याशिवाय जेवायचे नाही, असा नेम तिने घरात घातला. मग पाळी सुटल्यावर मामा आधी त्या गैरहजर माणसाच्या घरी जात, काय झाले आहे ते विचारत आणि घरी येऊन आत्याला सांगत. पुष्कळदा तिथे करण्यासारखे काही नसे. कधी मात्र औषधाची चिठ्ठी पडून राहिलेली असे, कधी घरात लहान मुले उपाशी असत, आणि मग आत्या आपल्याच डब्यातले पीठ काढून भाकरी थापून पाठवत असे. दिलेल्या भाकरीचा हिशेब तिने कधी ठेवला नाही. पीठ कधी संपणार याचा हिशेब मात्र तिच्या बोटांवर असे.

मामा कायम झाले, पगार ठरलेला येऊ लागला, तरी तो नेम सुटला नाही. पगाराचे पाकीट ते न फोडता आत्याच्या हातात देत. दिरांची शिक्षणे, नणंदेचे लग्न, सासूचे दुखणे, स्वतःची तीन मुले, हे सगळे दीड खोलीत आणि त्या एका पाकिटात झाले. दीर शिकून मोठ्या हुद्द्यावर गेले, त्यांनी वहिनीला अखेरपर्यंत आईप्रमाणे मानले. त्या कौटुंबिक इतिहासात मी फार शिरत नाही, कारण तसा इतिहास त्या काळच्या अनेक घरांचा आहे. या घराचे वेगळेपण असे की स्वतःचे भागत नसताना इथे दुसऱ्यासाठी जागा निघत असे.

१९७२ च्या दुष्काळात ती जागा किती ताणली गेली हे मी आत्याच्या तोंडून ऐकले आहे. आमच्याकडची पंचक्रोशी कोरडी पडली, विहिरींना तळ दिसला, माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली, रेशनवर परदेशातली मिलो नावाची तांबडी ज्वारी आली आणि मुलांच्या पोटात सुकडी गेली. मालदांडी ज्वारीची पांढरीशुभ्र भाकरी खाणाऱ्या आमच्या भागाला ती मिलो घशाखाली उतरत नसे. त्या वर्षी गावाकडची जी जी माणसे कामाच्या शोधात सोलापुरात उतरली, त्यांतली बरीचशी आधी आत्याच्या दारात आली. रात्री पुरुष माणसे गल्लीत आणि बायका-मुले घरात झोपत. मिलोच्या पिठाला चिकटपणा नसल्याने भाकरी थापताना तुटत असे. आत्या ते पीठ उकळत्या पाण्यात कालवून घेई आणि मग थापे. ही युक्ती तिने गल्लीतल्या साऱ्या बायकांना शिकवली. मामांचे काम वेगळे होते. आलेल्या प्रत्येकाला घेऊन ते कुठल्या साखर पेठेतल्या मागावर, कुठल्या गोदामावर, कुठल्या बांधकामावर हात लागतो का हे पाहत हिंडत. आलेला माणूस किती दिवस राहणार हे आत्याने कधी विचारले नाही, पण तो रिकामा बसलेला तिला चालत नसे, आणि ते मामांना पक्के ठाऊक होते.

त्यांच्या कामाची जी पद्धत मी पुढे स्वतः पाहिली, ती अशी की बातमी आत्याची असे आणि निमित्त मामांचे. मदत मागायला येणारा माणूस आधीच अर्धा मोडलेला असतो, आणि जो खरोखर अडलेला असतो तो बहुधा येतच नाही, हे आत्याला फार लवकर कळले असावे. नळावर, गिरणीत दळण टाकताना, विडी कारखान्यात माल देऊन परतणाऱ्या तेलुगू शेजारणींशी बोलताना तिला कोणत्या घरात काय चालले आहे ते समजत असे. मग संध्याकाळी ती मामांना म्हणे, ‘‘अवो, त्यांच्याकडं दोन दिवस चूल पेटली नाही. तुमी फारमाचं निमित्त काढून जावा की.’’ मामा खरोखरच एखादा फॉर्म घेऊन जात. कामगार विम्याचा, मुलाच्या शिष्यवृत्तीचा, रेशन कार्डात नाव चढवण्याचा, काही ना काही त्या घरात अपुरे असायचेच. ते बसून फॉर्म भरत, सही घेत, आणि उठताना म्हणत की उद्या आमच्या घरी पोर पाठवा, ह्याची एक प्रत न्यायची आहे. दुसऱ्या दिवशी पोर येई, प्रत घेई, आणि तिच्यासोबत आत्याने बांधून दिलेली गाठोडी नेई. देणाऱ्याने दिले असे कोणाला वाटत नसे आणि घेणाऱ्यालाही मान खाली घालावी लागत नसे. समाजकार्याच्या अनेक संस्था मी पुढे जवळून पाहिल्या. दुसऱ्याची लाज राखण्याची एवढी काळजी मला फार थोड्या ठिकाणी आढळली.

त्यांचे भांडण होत नसे असे मुळीच नाही. चांगले कडाक्याचे होत असे, आणि त्याचा विषय बहुतेक वेळा एकच असे, तो म्हणजे मामांचा सढळ हात. एका दिवाळीला बोनसच्या रकमेतला मोठा वाटा त्यांनी वाटेतच एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नासाठी दिला आणि उरलेले पाकीट घरी आणले. आत्याने त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला. तिचे म्हणणे देण्याला नव्हते. न विचारता दिले याला होते. ‘‘मला इचारलं असतं तर मी नाय म्हनले असते व्हय?’’ एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. त्यानंतर मामांनी एक वही घातली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात असते तशी. कोणाला काय दिले, कशासाठी दिले, परत येणार आहे की नाही, हे त्यात ते रोज रात्री लिहीत आणि आत्याला वाचून दाखवत. ती वही म्हणजे त्यांच्यातला तह होता, आणि तो दोघांनीही अखेरपर्यंत पाळला.

मामांना वाचनाचे वेड होते. गल्लीच्या तोंडाशी मारुतीच्या देवळालगत असलेल्या एका खोलीत त्यांनी आणि गिरणीतल्या काही सोबत्यांनी सत्तरच्या दशकात वाचनालय सुरू केले. ‘संचार’ आणि मुंबई-पुण्याची दोन वर्तमानपत्रे, काही मासिके, आणि भिंतीला लावलेली दोन फळ्यांची पुस्तके एवढाच त्याचा पसारा. तिथे मामा मुलांना गोळा करून १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ कसा पुकारला गेला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी कसे दिले गेले हे सांगत. दर १२ जानेवारीला मुलांची रांग करून ते हुतात्मा चौकात नेत. हे चौघे वेगवेगळ्या जातिधर्मांचे आणि एकाच गावचे होते, हे सांगताना त्यांचा आवाज नेहमी चढत असे. शिकवण्यासाठी ते बोलत नसत, अभिमानाने बोलत. आणि आमच्या गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी अशा चार भाषा एका नळावर भांडत असूनही कधी हाणामारीवर गोष्ट गेली नाही, यामागे त्या अभिमानाचा काही भाग असावा असे मला वाटते.

मला त्या दोघांची सगळ्यांत जवळची आठवण आहे ती पहाटेची. आत्या चारला उठून भाकरी थापायला बसे आणि मामा तिच्या समोर पाटावर बसून वाचनालयातला आदल्या दिवशीचा पेपर मोठ्याने वाचत. वाचनालय रात्री बंद झाले की पेपर घरी येत आणि सकाळी उघडण्याआधी जाऊन जागेवर बसत. अग्रलेख, बाजारभाव, उजनीची पाण्याची पातळी, निधनवार्ता, सगळे ते वाचत. आत्या थापता थापता मध्येच म्हणे, ‘‘थांबा. ते परत वाचा.’’ मग एखाद्या मंत्र्याच्या घोषणेतला नेमका कच्चा दुवा ती पकडत असे, किंवा निधनवार्तेतले नाव आपल्या ओळखीच्या कोणाच्या व्याह्यांचे आहे हे तिच्या लक्षात येई. मी आतल्या खोलीत अभ्यासाला उठलेली असे, आणि परातीत थापल्या जाणाऱ्या भाकरीचा थपथप आवाज व मामांचे सावकाश वाचन हे दोन्ही एकत्र कानावर येत असे. एकमेकांचा हात हातात घेतलेले त्यांना कोणीही पाहिले नसेल. त्यांचे एकत्र असणे या वाचनात होते, आणि एका पिढीच्या कितीतरी नवराबायकोंनी जे एकमेकांशी कधी बोलून घेतले नाही ते हे दोघे पेपरच्या निमित्ताने रोज तासभर बोलत होते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आत्या अशीच भाकरीला बसायच्या तयारीत होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, मिरवणुकीतून उशिरा परतलेली गल्ली गाढ झोपलेली होती. चारला काही मिनिटे असताना जमीन हलली. फळीवरची भांडी खाली आली, सगळे लोक रस्त्यावर आले. केंद्र लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर किल्लारी भागात होते, आणि दिवस वर येता येता जखमींना घेऊन गाड्या सोलापूरच्या शासकीय रुग्णालयाकडे येऊ लागल्या. मामा सकाळीच तिकडे गेले आणि दुपारी परत आले ते एकच गोष्ट सांगत, की जखमींपाशी डॉक्टर आहेत, पण त्यांना घेऊन आलेल्या माणसांपाशी कोणी नाही. दगडामातीच्या जाड भिंतींखालून हातांनी माणसे उपसून आणलेले ते लोक व्हरांड्यात बसून होते. त्यांच्या अंगावर धूळ तशीच होती. आत्याने गल्लीतल्या बायकांना बोलावले. घरटी जेवढे पीठ होते तेवढे बाहेर आले. त्या दिवशी आणि पुढचे कित्येक दिवस आमच्या गल्लीतल्या तव्यांना उसंत नव्हती, आणि सायकलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लावून मामा व त्यांचे सोबती फेऱ्या मारत होते. मीही काही फेऱ्यांना बरोबर गेले आहे. एका म्हाताऱ्या बाईने भाकरी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. आत्या तिच्याशेजारी जमिनीवर बसली आणि बराच वेळ काही न बोलता बसून राहिली, तेव्हा कुठे ती बाई घास घेऊ लागली. मामांना असे बसता आले नसते. त्यांना काहीतरी करावे लागे. आत्याला नुसते बसणे जमत असे.

त्यानंतर थोड्याच काळात मामांची गिरणी बंद पडली. देणी अडकली, हजारो घरांचा पाया एकदम काढून घेतल्यासारखे झाले. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेले कामगार रात्रपाळीचे पहारेकरी झाले, तरुण रिक्षा चालवू लागले, कोणी भाजीची गाडी लावली. मामांनी त्या दिवसांत किती जणांचे भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज भरले, १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेची कागदपत्रे किती जणांसाठी जुळवली, याची नोंद त्या लाल वहीत पानोपानी आहे. सेवापुस्तकातले नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावरचे दुसरे, जन्मतारीख तिसरीच, अशा गुंत्यात अडकलेली माणसे सकाळपासून दारात बसलेली असत. लोकांना मामा आठवतात ते मुख्यतः या काळातले, चष्मा कपाळावर आणि कार्बन पेपर मांडीवर.

पण ज्या घरात बसून ते हे अर्ज भरत होते, ते घर त्या वेळी आत्याच्या कडक भाकरीवर चालले होते, हे कोणी सांगत नाही. कडक भाकरी हा सोलापूरचा मोठा आधार. ज्वारीची भाकरी शक्य तितकी पातळ आणि मोठी थापायची, दोन्ही बाजूंनी भाजायची, आणि मग मंद आचेवर तिच्यातले पाणी पूर्ण निघेपर्यंत शेकत ठेवायची. पापडासारखी कडक झालेली ही भाकरी पुष्कळ दिवस टिकते, प्रवासात नेता येते, आणि सोबत शेंगाचटणी असली की दुसऱ्या कशाची गरज लागत नाही. शेंगाचटणी आत्या उखळात कुटत असे. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरे आणि मीठ यांना तेल सुटेपर्यंत कुटायचे. यंत्रात केलेल्या चटणीला ती कधीच चटणी म्हणाली नाही. आधी ती एका दुकानाला भाकरी देऊ लागली, मग दोन, मग गिरणी बंद पडलेल्या घरांतल्या बायका तिच्याकडे शिकायला आल्या. पातळ भाकरी न फाटता परातीतून तव्यावर नेण्याचे कसब हाताला यायला महिने लागतात, आणि मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर गेलेला असताना चुलीपुढे बसणे ही काही कवितेची गोष्ट नव्हे. ज्वारी मंगळवेढ्याकडची एकदम पोती घेऊन वाटून घ्यायची, दुकानदाराशी भाव एकजणीनेच ठरवायचा आणि पैसे शनिवारी सगळ्यांनी एकत्र बसून मोजायचे, ही व्यवस्था आत्याने लावली. पुढे सरकारी योजनांतून महिला बचत गट आले तेव्हा या बायकांना नवीन काही शिकावे लागले नाही, नुसता फॉर्म भरायचा राहिला होता, आणि तो भरायला मामा होते.

याच भाकरीतून रुग्णालयातील काम नियमित सुरू झाले. विजयपूर, कलबुर्गी, धाराशिव अशा चारी बाजूंच्या जिल्ह्यांतून रुग्ण सोलापुरात येतात. त्यांच्यासोबत आलेल्या नातेवाइकाला आठ-पंधरा दिवस या शहरात काढावे लागतात, जवळचे पैसे औषधांत जातात आणि तो चहा-बिस्किटांवर दिवस ढकलतो. टिकणारी भाकरी आणि चटणी एकदा दिली की त्याचे चार-पाच दिवस निघतात. दर गुरुवारी आत्या आणि मामा दोघे मिळून जात. इंडी, अफझलपूर, आळंद भागातून आलेल्या माणसाला मराठी येत नसे. तिथे आत्याचे माहेरचे कन्नड कामी येई. डॉक्टर काय म्हणाले हे मामा समजून घेत, ते आत्याला सांगत, आणि आत्या त्या बाईला तिच्या भाषेत, तिला पेलेल एवढेच, सांगत असे. उलट दिशेने त्या बाईचे दुखणे आत्याकडून मामांकडे आणि मामांकडून डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोहोचे. एकाच निरोपाचा अर्धा रस्ता एकाने आणि अर्धा दुसऱ्याने चालावा, असे ते मी अनेकदा पाहिले आहे.

पाण्याचेही तसेच. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत असे, तेही कधी मध्यरात्री, हे इथल्या माणसाला नव्याने सांगायला नको. गल्लीत ज्या घरी एकटी म्हातारी किंवा बाळंतीण असे, त्या घरची भांडी आधी भरायची हा नियम आत्याने बसवला, आणि तो मोडू नये म्हणून मामा रात्री खुर्ची टाकून बसत. एवढेच, पण अनेक वर्षे.

सत्तरी ओलांडल्यावर आत्याच्या हाताची बोटे वाकली. संधिवाताने तिला भाकरी थापता येईना. त्या दिवसांत मी एका पहाटे गेले तेव्हा पाटावर मामा बसलेले होते आणि परात त्यांच्यासमोर होती. आत्या त्यांच्या जागेवर बसून सूचना देत होती. गिरणीत आयुष्यभर साच्यावर उभे राहिलेले ते हात पिठात अवघडलेले होते. भाकरी फाटली की आत्या म्हणे, ‘‘असूं द्या, परत मळा.’’ पेपर वाचण्याचे काम तेव्हा नातीकडे गेले होते, आणि मामा मध्येच हात थांबवून म्हणत की ते परत वाच. काही महिन्यांत त्यांना बरी भाकरी येऊ लागली. आत्यासारखी नाही आली, आणि तसे ते स्वतःच सगळ्यांना सांगत, पण गुरुवार चुकला नाही.

आत्या गेल्यानंतरची चार वर्षे मामांनी कशी काढली याविषयी मला थोडेच लिहायचे आहे. ते खचले, आणि ते लपवण्याचा त्यांनी प्रयत्न केला नाही. कोणी सांत्वनाला आले की ते वही उघडून बसत. गल्लीतल्या कोणत्या घरात काय चालले आहे हे आता आपल्याला कळत नाही, अशी त्यांची तक्रार असे. बातमी आणणारी गेली होती. मग शेजारच्या, जन्मभर विड्या वळलेल्या तेलुगू काकू रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर येऊन बसू लागल्या आणि कोणाचे काय ते सांगू लागल्या. मामा अखेरच्या आठवड्यापर्यंत अर्ज भरत होते.

मामांच्या माघारी गल्लीने सभा घेतली. वाचनालयाची खोली पाडून नवीन बांधायची होती, आणि तिला मामांचे नाव द्यावे असा ठराव सर्वांनी हात वर करून मंजूर केला. तेव्हा त्याच तेलुगू काकू मागून उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘मंग आत्याचं नाव कुटं हाय?’’ सभेत कोणाच्याही मनात वाईट काही नव्हते. एका ज्येष्ठ सभासदांनी सौम्यपणे सांगितले की आत्यांचे उपकार आम्ही विसरलेलो नाही, पण त्या वाचनालयात कधी आल्या नाहीत, त्यांच्या नावाने दुसरे काहीतरी करू. यावर आत्याची थोरली सून घरी गेली आणि लाल वह्या घेऊन आली. गिरणी बंद पडल्यावर सभासदांच्या वर्गण्या थांबल्या होत्या, तरी वाचनालयातले पेपर एकही दिवस थांबले नव्हते, हे सगळ्यांना माहीत होते. पैसे कुठून येतात हे कोणी विचारले नव्हते. १९९६ पासूनच्या प्रत्येक महिन्याच्या पानावर मामांच्या अक्षरात एक ओळ होती: पेपर बिल, भाकरीतून. सुनेने पाने उलटत ती ओळ वाचायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर अध्यक्षांनी तिला थांबवून ठराव बदलायला घेतला.

नवीन खोलीवरच्या फलकावर दोघांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत आहेत, आत्याचे आधी. तिथे आता स्पर्धा परीक्षांची मुले रात्री अकरापर्यंत बसतात, त्यांच्यात विडी कामगारांच्या मुली पुष्कळ आहेत, आणि अर्ज भरून देण्यासाठी त्यांच्यापैकीच दोघी-तिघी रविवारी टेबल टाकतात. पेपर चार येतात. बचत गटाच्या बायका महिनाअखेरीस बिल चुकते करतात आणि सून ते त्याच पद्धतीने, त्याच तीन शब्दांत वहीत लिहिते.